कापडात मुरलेलं चेडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की इंग्लंडमधल्या मोठ्या किराणा दुकानांत चीजच्या फळीवर एक वेगळाच तुकडा दिसू लागतो. एका कडेला करडी-तपकिरी साल, आत गडद लोण्याचा रंग आणि किंमत शेजारच्या चेडरच्या दुपटीहून जास्त. इथली मराठी मंडळी तो हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, "घेऊ का?" मी ब्रिस्टलला राहते, सॉमरसेट इथून जवळ आहे आणि या चीजवर माझा जीव आहे, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. जे पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

१. कापडातलं चेडर म्हणजे काय? रोजच्या चेडरपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

सुरुवात दोघांची सारखीच. दूध साधारण ३० अंशांना आणून त्यात विरजण आणि रेनेट (दूध साकळवणारं द्रव्य) घालतात. दूध साकळलं की ते कापतात, निवळीसकट ४० अंशांच्या आसपास तापवतात आणि मग निवळी काढून टाकतात. खाली उरलेल्या गोळ्याच्या लाद्या कापून त्या एकमेकींवर रचायच्या, उलटायच्या, पुन्हा रचायच्या. या रचण्या-उलटण्यालाच चेडरिंग म्हणतात. त्यात उरलीसुरली निवळी निथळते, आंबटपणा चढतो आणि लाद्या तंतुमय होत जातात. मग त्यांचे बारीक तुकडे करून मीठ लावतात आणि साच्यात दाबतात.

इथून वाटा वेगळ्या होतात. रोजचं चेडर मोठ्या ठोकळ्यात, हवाबंद प्लास्टिकमध्ये थंड खोलीत मुरतं. त्यातलं पाणी कुठे जात नाही, हवा आत येत नाही. कापडातलं चेडर म्हणजे सुमारे २५ किलोचा दंडगोल. त्याला मलमलीचं कापड चरबीने चिकटवतात आणि तो लाकडी फळीवर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ठेवतात, मधून मधून उलटतात. कापडातून तो श्वास घेतो, त्याचं वजन घटतं, चव दाट होते आणि बाहेरून बुरशीची साल धरते. लोणचं बरणीत मुरणं आणि प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहणं यात जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे.

२. चेडर तर जगभर बनतं. मग "खरं" चेडर कुठलं?

चेडर हे सॉमरसेटमधलं गाव. तिथे चुनखडीची खोल घळ आहे आणि तिच्यातल्या गुहांत आजही चीज मुरवायला ठेवतात. नावाला मात्र कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका सगळीकडचं चेडर हे चेडरच. संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाऊस चेडर' या लांबलचक नावाला. ते सॉमरसेट, डेव्हन, डॉर्सेट आणि कॉर्नवॉल या चार परगण्यांतच, तिथल्याच दुधापासून बनवायचं आणि किमान ९ महिने मुरवायचं.

त्याही आत एक लहान वर्तुळ आहे. नॉर्थ कॅडबरीचं माँटगोमरी, विनकँटनजवळचं कीन्स आणि एव्हरक्रीचजवळचं वेस्टकोम. स्वतःच्या गायींचं कच्चं दूध, वासराचं रेनेट, कापडाचं वेष्टन. आयुष्यात एकदाच कापडातलं चेडर घेणार असाल, तर या तीन नावांपैकी एक शोधा.

३. हे थोडेच दिवस का मिळतं? वर्षभर का ठेवत नाहीत?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे ते मुळातच थोडं बनतं. एक किलो चीजला साधारण १० लिटर दूध लागतं आणि एका गोठ्यातलं दूध किती असणार? शिवाय आज विकायचा गोळा वर्ष-दीड वर्षापूर्वी बनवलेला असावा लागतो. मागणी वाढली म्हणून पुढच्या महिन्यात जास्त माल काढता येत नाही.

दुसरं कारण दुकानांचं. असे गोळे हाताने कापावे लागतात, आणि गेल्या काही वर्षांत बऱ्याच सुपरमार्केटांनी चीज कापून देणारे काउंटर बंद केले. आता नाताळच्या तोंडावर आधीच कापून पॅक केलेले तुकडे येतात, संपले की संपले.

या मालाची किंमत किती, हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये साऱ्या देशाला कळलं. लंडनच्या नील्स यार्ड डेअरी या चीज विक्रेत्याकडून एका भामट्याने फ्रान्समधल्या मोठ्या विक्रेत्याचा घाऊक खरेदीदार असल्याचं भासवून ९५० गोळे नेले. वजन २२ टन, किंमत सुमारे ३ लाख पाउंड. सगळं कापडातलं चेडर: वेल्समधलं हाफोद, सॉमरसेटमधलं वेस्टकोम आणि पिचफोर्क. फसवणूक झालेल्या डेअरीने चीज बनवणाऱ्या शेतकऱ्यांचे पैसे मात्र पूर्ण चुकते केले. मला यातलं हेच जास्त लक्षात राहिलं.

४. पाकिटावर काय काय वाचायचं?

"माइल्ड", "मॅच्युअर", "एक्स्ट्रा मॅच्युअर", "व्हिंटेज" हे शब्द कायद्याने बांधलेले नाहीत. माइल्ड म्हणजे तीनेक महिने, मॅच्युअर म्हणजे ९ ते १२, व्हिंटेज म्हणजे १८ किंवा जास्त, असा ढोबळ रिवाज आहे इतकंच. त्यापेक्षा हे तीन शब्द शोधा: "क्लॉथबाउंड" (कापडात बांधलेलं), "रॉ मिल्क" किंवा "अनपाश्चराइज्ड" (कच्च्या दुधाचं) आणि बनवणाऱ्या शेताचं नाव. शेताचं नाव नसेल आणि नुसतं नक्षीदार वेष्टन असेल, तर मी तो तुकडा परत ठेवते.

किंमत फळीवरच्या चिठ्ठीवर किलोच्या भावाने पाहा. दीडशे ग्रॅमच्या तुकड्याचा आकडा छोटा दिसतो म्हणून फसगत होते. तारीख जवळ आलेला, पिवळी चिठ्ठी लावून स्वस्त केलेला तुकडा दिसला तर बिनदिक्कत घ्या. वर्षभर मुरलेल्या कडक चीजला चार दिवसांनी काही होत नाही.

५. आम्ही शाकाहारी आहोत. हे चालेल का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर दोन ठिकाणी तपासावं लागतं.

पहिलं ठिकाण रेनेट. दूध साकळवणारं हे द्रव्य परंपरेने वासराच्या पोटातून काढतात. ब्रिटनमधलं रोजचं सुपरमार्केटी चेडर बहुतेक वेळा शाकाहारी रेनेटचं असतं आणि पाकिटावर "सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स" असं छापलेलं असतं. हे शाकाहारी रेनेट बुरशीपासून मिळतं, किंवा वासराच्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक सूक्ष्मजीवांत घालून त्यांच्याकडून ते विकर तयार करून घेतात. दुसऱ्या प्रकारात प्राण्याचा अंश नसतो, पण काही घरांत तेही चालत नाही. ते ज्याचं त्याने ठरवावं. प्रश्न २ मधल्या तिन्ही शेतांचं चेडर वासराच्या रेनेटचं आहे, म्हणजे शाकाहारी नाही.

दुसरं ठिकाण कापड, आणि तिथेच बरेच जण चुकतात. कापड चिकटवायला परंपरेने डुकराची चरबी वापरतात. काही जण त्याऐवजी लोणी वापरतात. म्हणून "रेनेट शाकाहारी आहे" एवढ्यावर थांबू नका, कापडाला काय लावलंय तेही विचारा. कापड सोलून टाकलं म्हणून चरबीचा प्रश्न मिटला असं मी शाकाहारी पाहुण्यांना कधीच सांगत नाही. ताटात काय आहे ते त्यांना आधी सांगते.

पाकिटावर शाकाहारी असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते शाकाहारी नाही असं धरून चाला. तुम्हाला चालणारं दुसरं काय, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

६. चाखायचं कसं? नुसतं तोंडात टाकलं तर चालत नाही का?

चालतं, पण फ्रिजमधून काढून लगेच टाकलंत तर अर्धे पैसे वाया गेले. गारठलेल्या चीजची चव झोपलेली असते. चरबी घट्ट असली की वास सुटत नाही, आणि चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचाच असतो.

खाण्याआधी तासभर तुकडा बाहेर काढा. प्लास्टिक सोडा. आतला ओलसरपणा आणि कोंदट वास अर्ध्या तासात निघून जातो. तो वास म्हणजे चीजचा वास समजून कितीतरी जणांनी पहिल्याच पायरीवर तोंड फिरवलं आहे. वरून एखादा ओला रुमाल सैल झाका, म्हणजे पृष्ठभाग सुकणार नाही.

मग कापायचं. पाचरीसारखा तुकडा असतो, त्याची लांब पट्टी काढा: आतल्या टोकापासून सालीपर्यंत. ही पट्टी महत्त्वाची आहे, कारण गोळ्याच्या मध्यभागी आणि सालीजवळ दोन वेगवेगळ्या चवी असतात. पट्टी हाताने मोडून पाहा. ठोकळ्याचं चेडर वाकतं, हे चुरत, पापुद्रे सुटत मोडतं. मोडल्या मोडल्या नाकाशी धरा.

आता आतल्या टोकाचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा आणि लगेच चावू नका. थोडा विरघळू द्या, मग चावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडा. चवीचा दुसरा पदर तेव्हा उघडतो. गिळल्यावर थांबा. चांगलं चेडर गिळल्यानंतरही मिनिटभर बोलत राहतं. असंच सालीच्या दिशेने सरका. मध्ये पाण्याचा घोट किंवा सफरचंदाची फोड घ्या. लोणचं, मिरची, चहा यानंतर लगेच चाखू नका. निदान पहिला तुकडा तरी निर्मळ तोंडाने घ्या.

७. चव कशी असते? घरच्यांना फक्त डब्यातल्या चीजची सवय आहे.

आपल्याकडचं डब्यातलं किंवा क्यूबचं चीज हे प्रक्रिया केलेलं चीज. चीज वितळवून, क्षार घालून एकजीव केलेलं. ते खारट, मऊ आणि दर वेळी एकसारखं. आवडतं ते, मलाही लहानपणापासून आवडतं, पण त्याच्याशी तुलना करून हे चाखू नका.

यात पहिल्यांदा आंबटपणा येतो, पण दह्याइतका उघडा नाही. मग भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा, तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाशी राहते त्या बेरीची आठवण. मागोमाग एक भरीव, सारासारखी गोडी येते. पुरणाच्या डाळीचा कट नुसता पिऊन पाहिला असेल तर कळेल मी कशाबद्दल बोलते आहे. प्रथिनं मुरता मुरता फुटतात, त्यातून ही चव येते. सालीजवळ ओल्या मातीचा, तळघराचा वास, आणि कधी कधी कच्च्या मुळ्यासारखा नाकात चढणारा झणका.

काही सुपरमार्केटी चेडर खाल्लं की सरळ गोडसर लागतं. त्यात लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस हे जादा विरजण घातलेलं असतं. वाईट काही नाही, पण कापडातल्या चेडरमध्ये ती गोडी शोधू नका.

८. चावताना बारीक खडे लागतात. मीठ आहे का?

मीठ नाही. आत करकर लागणारे कण बहुधा टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, आणि बाहेर पांढरी पूड दिसते ती कॅल्शियम लॅक्टेटची. दोन्ही निरुपद्रवी. बुरशी आणि ही पूड यांत फरक कसा ओळखायचा? बुरशी मऊ, लवदार असते. पूड बोटाला कडक, वाळूसारखी लागते.

९. आत निळी-हिरवी रेघ दिसते. फेकून द्यायचं का?

नका फेकू. गोळ्याला बारीक भेग पडली की कापडाकडून हवा आत शिरते आणि भेगेच्या वाटेने निळी बुरशी धरते. कापडातल्या चेडरमध्ये हे नेहमी होतं आणि तेवढ्या भागाला किंचित तिखट, निळ्या चीजसारखी चव येते. काही चाहते मुद्दाम तसा तुकडा मागतात.

घरी आणल्यावर कापलेल्या बाजूवर नवी बुरशी आली तर गोष्ट वेगळी. कडक चीज असल्यामुळे बुरशीच्या सभोवती आणि खाली अडीच सेंटिमीटर कापून टाका, बाकीचं खा. सुरी बुरशीतून ओढू नका. हा नियम मऊ चीजला लागू नाही.

१०. साल खायची का? तिच्यात किडे असतात म्हणे.

कापड खायचं नाही. ते सोलून काढा. त्याखालचा अर्धा सेंटिमीटर कडक भाग खाल्ला तर चालतो, पण तो कडवट आणि मातकट लागतो. मी एकदा चाखते आणि सोडून देते.

किड्यांचं म्हणाल तर खरं आहे. चीजवरचे माइट नुसत्या डोळ्यांना करड्या धुळीसारखे दिसतात आणि सालीवर राहतात. ज्या खोल्यांत चीज मुरतं तिथे गोळे ब्रशने झाडून किंवा हवेच्या झोताने साफ करतात. दुकानातल्या थंड, बंद तुकड्यावर ते वाढत नाहीत. ज्यांना धुळीतल्या माइटची ॲलर्जी आहे त्यांनी साल टाळलेलीच बरी.

११. गेल्या वर्षी हेच घेतलं होतं, अप्रतिम होतं. यंदा फिकं लागलं. फसवलं का?

बहुधा नाही. गायी उन्हाळ्यात ताज्या गवतावर आणि हिवाळ्यात साठवलेल्या चाऱ्यावर असतात, त्यामुळे दूध बदलतं. विरजणही बदलतं: हे लोक पातळ, रोज दुधात वाढवलेलं विरजण वापरतात, आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळं. मंगळवारचा गोळा आणि शुक्रवारचा गोळा यांत फरक पडतो आणि जाणकार खरेदीदार दिवस पाहून गोळे निवडतात.

पण दुकानाचाही दोष असू शकतो. एका दुकानातून मी घेतलेला तुकडा प्लास्टिकमध्ये इतका घामेजला होता की सालीचा वास सगळ्या तुकड्यात उतरला होता. नाताळच्या पाहुण्यांसमोर तो ठेवता आला नाही. तेव्हापासून मी पाकीट हातात घेऊन आत पाणी साचलंय का ते बघते. साचलं असेल तर दुसरं उचलते.

१२. दूध पचत नाही. हे पचेल?

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याचा त्रास असेल तर बहुतेकांना पचतं. बरंचसं लॅक्टोज निवळीबरोबर जातं, उरलेलं विरजणातले जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे वर्षभर मुरलेल्या चेडरमध्ये जवळजवळ काही उरत नाही. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर मात्र अजिबात खाऊ नका. प्रथिनं सगळी तिथेच आहेत.

१३. गरोदरपणी कच्च्या दुधाचं चेडर चालतं का?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, सल्ला असा आहे की चेडरसारखं कडक चीज कच्च्या दुधाचं असलं तरी चालतं, कारण त्यात पाणी कमी असल्यामुळे लिस्टेरिया हा घातक जिवाणू सहज वाढत नाही. मऊ, पांढऱ्या बुरशीच्या आणि निळ्या चीजसाठी नियम वेगळे आहेत. स्वतःच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१४. बीपी आहे. किती खावं?

१०० ग्रॅम चेडरमध्ये साधारण १.८ ग्रॅम मीठ, ३५ ग्रॅम चरबी आणि ४१५ कॅलरी. काड्यापेटीएवढा ३० ग्रॅमचा तुकडा खाल्लात तर अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त मीठ पोटात जातं. इथे मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा ६ ग्रॅम सांगतात. प्रश्न ६ मध्ये सांगितल्यासारखं हळू चाखलं तर ३० ग्रॅम दोघांना पुरतं.

१५. कशाबरोबर खायचं? पिझ्झ्यावर, पावभाजीवर घातलं तर?

इंग्लंडमध्ये सफरचंद, ओटची बिस्किटं, कांद्याचं गोडसर लोणचं. उत्तरेकडे, यॉर्कशरात, नाताळच्या फळांच्या केकबरोबर वेन्स्लेडेल चीज खातात. ती जोडी चेडरबरोबरही जमते.

आपल्या घरातलं म्हणाल तर गरम ज्वारीची भाकरी आणि वर या चीजचा कुस्करा. भाकरीच्या वाफेने ते अर्धवट मऊ होतं, ज्वारीची किंचित गोडी त्याच्या आंबटपणाला धरून राहते. लसणाची चटणी नको, ती सगळ्यावर स्वार होते. छुंदा चालतो, साखरेच्या पाकातला आवळाही चालतो.

पावभाजीवर आणि पिझ्झ्यावर साधं चेडर घाला. हे जुनं, कोरडं चीज जोरात तापवलं की तेल सुटतं, गुठळ्या होतात आणि ज्या बारीक चवींसाठी पैसे मोजले त्या मसाल्यात हरवतात.

१६. साठवायचं कसं? फ्रीझरमध्ये टाकू का?

प्लास्टिकमधून काढा, मेणकागदात किंवा बेकिंगच्या कागदात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा. फोडणीच्या आणि कापलेल्या कांद्याच्या डब्यापासून दूर, कारण चरबी वास ओढून घेते. तीनेक आठवडे सहज राहतं. फ्रीझरमध्ये बिघडत नाही, पण पापुद्रे मोडून भुसा होतो. मग ते फक्त किसून स्वयंपाकात घालण्याच्या लायकीचं उरतं.

१७. संपलं. किंवा आम्हाला चालणारं मिळालं नाही. दुसरं काय पाहू?

चीजच्या स्वतंत्र दुकानात जा. तिथे वर्षभर कापडातलं चेडर असतं आणि कापण्याआधी चाखायला देतात. मागायला संकोच करू नका, देणं ही तिथली रीतच आहे. शाकाहारी असाल तर आत शिरल्यावर पहिलं वाक्य तेच बोला. रेनेट कुठलं, कापडाला चरबी की लोणी, हे त्यांना गोळ्यागणिक माहीत असतं.

चेडरच्या पलीकडे जायचं असेल तर गूस्नार गावचं कर्कमबाईंचं लँकेशर घ्या. तेही कापडातलं, पण लुसलुशीत, लोण्यासारखं. दोन-तीन दिवसांचं साकळलेलं दूध एकत्र कालवून ते बनवतात. लेस्टरशरातलं स्पार्केनहो रेड लेस्टर २००५ साली पुन्हा सुरू झालं. त्याचा केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा, आपल्याकडे कोकणात कुंपणाला दिसणारं तेच झाड. या दोन्हींबद्दल रेनेटचा प्रश्न विचाराच, प्रश्न ५ इथेही लागू आहे. कॉर्नवॉलचं कर्न काळ्या मेणात मुरतं. २०१७ च्या जागतिक चीज स्पर्धेत ते पहिलं आलं होतं. ते दिसलं तर मात्र मला फोटो पाठवू नका, सरळ घ्या.